नोचेल्लाराचा ऑक्टोबर

गेल्या शनिवारी जर्सी सिटीतल्या त्या घराच्या तळघरात उतरले, तर तिथे कसलाच वास नव्हता.

त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही सात वर्षं भाड्याने राहिलो. त्या सात वर्षांत ऑक्टोबर महिना मला आधी नाकाने कळायचा, मग कॅलेंडरने. बाहेरचं दार उघडलं की ओल्या लाकडाचा वास यायचा, ठेचलेल्या लसणाचा यायचा, बडीशेपेच्या हिरव्या काड्यांचा यायचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी एक कोवळा, कडवट वास असायचा. कडुनिंबाची डहाळी मोडल्यावर हाताला येतो ना, त्याच्या जवळचा, पण तोच नाही. आता भिंतींना पांढरा रंग दिलेला होता. जमीन धुऊन कोरडी केलेली. घर विकलं जाणार होतं, आणि घरमालकिणीची मुलगी अँजेला आवराआवरीसाठी फ्लोरिडाहून आली होती. तिनेच फोन केला होता, "आईच्या काही वस्तू राहिल्यात तळघरात. तुला काही हवं असेल तर ये."

तिची आई, कॉन्चेत्ता, जाऊन अडीच वर्षं झाली.

मी खालच्या पायरीवर बसले. कपाटं रिकामी होती, उरलेल्या वस्तू कोपऱ्यातल्या दोन खोक्यांत भरलेल्या. खिडकीच्या पट्टीतून रस्त्यावरच्या माणसांचे बूट तेवढे दिसत होते, पूर्वी दिसायचे तसेच.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी कराडहून या घरात आले होते. समीर सकाळी साडेसातला ट्रेनने मॅनहॅटनला जायचा आणि सहानंतर परत यायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून आलेली मी दिवसभर खिडकीतून पार्किंग शोधणाऱ्या गाड्या बघायचे. घरात हीटरचे जुने लोखंडी पाइप होते. खालच्या मजल्यावरचे आवाज त्या पाइपांमधून वर यायचे. एक दिवस दुपारी आवाज यायला लागला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी जिना उतरून खाली गेले, आणि तळघराच्या उघड्या दारातून आत डोकावले.

सत्तरीची एक ठेंगणी बाई बुटक्या स्टुलावर बसली होती. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, काळा स्वेटर, त्यावर फुलाफुलांचा एप्रन. पुढ्यात लाकडी पेटी, आणि पेटीत गच्च भरलेली हिरवी गोल फळं. ती एक फळ फळीवर ठेवायची, गुळगुळीत दगडाने त्यावर एकच टोला द्यायची, आणि फळ शेजारच्या बादलीत टाकायची.

"अगंबाई, भोकरं!" मी मोठ्याने म्हणाले.

तिला अर्थातच कळलं नाही. पण माझा चेहरा बघून ती हसली आणि एक फळ पुढे केलं. आमच्याकडे आवळा दिसला की चावायचा, चिंच दिसली की चावायची. मी ते सरळ दातांखाली धरलं.

ते कडू मी विसरणं शक्य नाही. कारल्याचं कडू जिभेवर असतं. हे कानांपर्यंत गेलं. डोळ्यांत पाणी आलं, नाक गळायला लागलं. बाई स्टुलावर बसल्या बसल्या मागेपुढे झुलत हसत होती. मग तिने वरच्या फळीवरची काचेची बरणी काढली. "लास्ट इयर," म्हणाली. त्यातलं एक बोटांनी काढून माझ्या हातावर ठेवलं. मी घाबरत घाबरत खाल्लं. ते लोण्यासारखं होतं. खारट, पण आत कुठेतरी गोडसर, ओल्या शेंगदाण्यासारखं. हे आणि ते एकच फळ आहे यावर माझा विश्वास बसेना.

"एकच," ती म्हणाली. "फक्त पाणी, मीठ, आणि दिवस."

त्या फळाचं नाव नोचेल्लारा. तोपर्यंत ऑलिव्ह म्हणजे पिझ्झावरच्या काळ्या रबरी चकत्या, एवढंच मला ठाऊक होतं. कॉन्चेत्ताचं गाव सिसिलीत, कास्तेल्वेत्रानोच्या जवळ. तिथला हा खास वाण, तेलासाठी नव्हे, खाण्यासाठीच वाढवलेला. कॅलिफोर्नियात कुणीतरी ती झाडं लावली होती, आणि दर ऑक्टोबरात तिच्या ओळखीच्या इटालियन दुकानात चार-सहा पेट्या यायच्या. त्यातली एक तिची ठरलेली. "आमच्या मातीतली नाहीत," ती पेटी उघडताना दर वर्षी म्हणायची, "पण आमच्याच घरातली आहेत."

त्या दिवसानंतर मी रोज खाली जायला लागले. तिला नावाने हाक मारणं मला जमेना. मिसेस अमुक म्हणणंही कोरडं वाटायचं. एकदा तोंडातून मावशी निघून गेलं.

"हे काय?" तिने विचारलं.

"आईची बहीण."

तिने हातातलं फळ फळीवर ठेवलं. "माझ्या बहिणीला मूलच नव्हतं," म्हणाली, आणि मग, "म्हण. मावशी म्हण." ती मला फिग्या मिया म्हणायची. त्यांच्या बोलीत माझी मुलगी. आमच्या दोघींचंही इंग्रजी बेताचंच होतं. तिचं पन्नास वर्षं इथे राहूनही अडखळणारं, माझं पुस्तकातून शिकलेलं. त्यामुळे आम्हाला एकमेकींची कधी लाज वाटली नाही.

टोला असा द्यायचा की साल आणि गर फुटला पाहिजे, पण आतली बी फुटता कामा नये. बी फुटली की कचकच राहते. पहिल्या वर्षी मी फोडलेल्यातलं प्रत्येक चौथं फळ वाया जायचं. फोडलेली ऑलिव्हं लगेच पाण्यात टाकायची, नाहीतर हवेने काळी पडतात. ते पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदलायचं, दहा-बारा दिवस. पहिल्या दिवसांत पाणी गढूळ, तपकिरी निघायचं. हळूहळू निवळत जायचं, तसा तळघरातला तो कडवट वासही उतरत जायचा. मग मिठाचं पाणी. मीठ किती? त्याला माप नव्हतं. पाण्यात कच्चं अंडं सोडायचं. बुडालं तर अजून मीठ. अंडं वर येऊन त्याची टिकली पाण्याबाहेर दिसली की पुरे. केमिस्ट्रीची एम.एस्सी. मी, त्या अंड्याकडे डोळे लावून बसायचे. शेवटी लसूण, लिंबाच्या फोडी, लाल मिरची, आणि मागच्या अंगणात तिने लावलेल्या बडीशेपेच्या काड्या. वर बशी उपडी घालून तिच्यावर दगड. काही फळं ती न फोडता अख्खीच मुरत ठेवायची. ती पुढच्या उन्हाळ्यात उघडायची.

आमची बोटं महिनाभर काळी असायची. साबणाने जात नसत. समीर म्हणायचा, "यार, लोकांना वाटेल तू मेकॅनिकचं काम करतेस." मग स्वतःच डबा भरताना विचारायचा, "मावशींचं लोणचं आहे का?" त्याच्यासाठी ते लोणचंच होतं. खिचडीबरोबर, थालीपिठाबरोबर, एकदा तर श्रीखंड-पुरीच्या ताटातही डाव्या बाजूला ते दोन हिरवे गोळे होते.

दुसऱ्या वर्षी मी तळघरातून कराडला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने स्वयंपाकघरातून भोकरांच्या लोणच्याची बरणी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. मावशीने इकडून ऑलिव्हांची धरली. दोघी एकमेकींच्या बरण्या बघत होत्या, एकमेकींकडे नाही.

"अगं, त्यांना विचार, हळद घालतात का?" आई म्हणाली.

"नाही घालत."

"हिंग?"

"नाही."

"मग टिकतं कसं?"

मावशीने माझ्या दंडाला धरलं. "काय म्हणते ती?"

"विचारतेय, हळदीशिवाय टिकतं कसं."

मावशीने फोन माझ्या हातातून घेतला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि आपल्या बोलीत बराच वेळ आईला समजावून सांगितलं. आई मधे मधे "हो का?" "बरं बरं" म्हणत राहिली. फोन ठेवताना आई मला म्हणाली, "बाई चांगली आहे. स्वच्छ काम आहे तिचं."

काम करता करता ती गावाकडचं सांगायची. सगळं नाही, तुकडे. या झाडांना कधी काठी लावायची नाही. तेलाची ऑलिव्हं झोडपतात, ही एकेक हाताने काढायची, कोंबडीखालचं अंडं काढावं तशी. गळ्यात टोपली अडकवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. तिचे वडील तोडणीच्या आदल्या दिवशी सगळ्या मुलींची नखं तपासायचे, कारण नखाचा ओरखडाही तिसऱ्या दिवशी डाग होऊन उमटतो. सकाळी झाडं दवाने भिजलेली असायची आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या व्हायच्या. ती सतराव्या वर्षी इथे आली. का आली, कशी आली, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ओल्या बाह्यांचं मात्र तिने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

तिसऱ्या वर्षी ईशा झाली. तिच्या पहिल्या ऑक्टोबरात मी तिला कार सीटमध्ये घालून तळघरात न्यायचे. ती टक् टक् ऐकत झोपायची आणि आवाज थांबला की जागी व्हायची, त्यामुळे आम्हाला थांबता यायचं नाही. चालायला लागल्यावर बादलीत ऑलिव्ह टाकण्याचं काम तिचं. एकेक टाकायची आणि पाणी उडालं की आम्हा दोघींकडे बघायची, आम्हाला आश्चर्य वाटलं की नाही ते तपासायला. आम्हाला दर वेळी वाटायचं.

आज मी त्या दिवसांना काय म्हणू? तेव्हा मला ते दिवस वाट बघण्याचे वाटत होते. वर्क परमिट येईल, नोकरी लागेल, मग खरं आयुष्य सुरू होईल. तोपर्यंत आपण खाली बसून ऑलिव्ह फोडतोय.

परमिट आलं. नोकरीही लागली, औषधांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. आम्ही वेस्ट विंडसरला घर घेतलं, ईशाच्या शाळेसाठी. सामानाचा ट्रक भरून झाला तेव्हा मावशी दारात उभी होती. उन्हाळा होता. तिने ईशाचा पापा घेतला आणि मला विचारलं, "ऑक्टोबरला येशील?"

"हे काय विचारणं झालं, मावशी? येणारच."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "पेटी आली. चांगली आहेत यंदा. मोठी."

"या शनिवारी नाही जमणार, मावशी. ऑफिसचं काम आलंय. पुढच्या शनिवारी नक्की."

पुढच्या शनिवारी ईशाच्या वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. पोहण्याच्या तलावावर पार्टी होती. नवी शाळा, नव्या ओळखी, नाही म्हणता आलं नाही. खरं तर मी नाही म्हणून बघितलंच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा लॅब. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "घाई करू नकोस, फिग्या मिया. ऑलिव्हं थांबतात."

ऑलिव्हं थांबत नाहीत. हे मला तिनेच शिकवलं होतं. झाडावरून उतरलेलं फळ आठवडा-दहा दिवसांत मऊ पडतं, सालीवर सुरकुत्या येतात, मग ते मुरत नाही, नुसतं कुजतं. मला हे माहीत होतं आणि तिला ठाऊक होतं की मला माहीत आहे. तरी मी म्हणाले, "थँक्यू, मावशी," आणि फोन ठेवला.

डिसेंबरात मी दिवाळीच्या फराळाचा उरलेला चिवडा आणि ताज्या बेसनाच्या वड्या घेऊन तासाभरासाठी गेले. तिने कॉफी केली. बिस्किटं मांडली. तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. "काय झालं?" विचारलं, तर म्हणाली, "थंडी." टेबलावर ऑलिव्हांची वाटी नव्हती. त्या घरात कॉफी असो, जेवण असो, नुसती गप्पांची बैठक असो, वाटी असायचीच. त्या दिवशी नव्हती. मला वाटलं, पेटी टाकून द्यावी लागली, आणि ती माझ्यावर रुसली आहे. मी विचारायला हवं होतं. मी ईशाच्या शाळेबद्दल बोलत राहिले. ती ऐकत राहिली, हसली, निघताना दारापर्यंत आली.

मार्चमध्ये ती झोपेतच गेली. मी चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. अँजेलाला भेटले, हात हातात घेतला, आणि जे सांगायचं होतं ते न सांगता परत आले.

"तू इथे आहेस होय?" अँजेला जिन्यावरून खाली आली. साठीची बाई, आईसारखीच ठेंगणी. हातात कॉफीचे दोन कागदी ग्लास. एक मला देऊन ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"तुला एक सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "थँक्यू म्हणायचं होतं. चर्चमध्ये सुचलं नाही."

"कशाबद्दल?"

"शेवटच्या वर्षी आलीस त्याबद्दल. एवढ्या लांबून. लहान मूल, नवी नोकरी. मी आईला बजावलं होतं, तळघरात एकटीने ऑलिव्ह करायची नाहीत. बादल्या उचलायच्या, जिना चढायचा-उतरायचा, त्या वयात! एकटी करत असशील तर मी येऊन तुला फ्लोरिडाला घेऊन जाईन, म्हटलं होतं. तर म्हणाली, एकटी कुठे, माझी इंडियन मुलगी येते ना दर शनिवारी." अँजेला हसली. "फोनवर सांगत होती, यंदा तिने मला कशाला हातच लावू दिला नाही. मी नुसती खुर्चीत बसून होते."

माझ्या हातातली कॉफी मी खाली पायरीवर ठेवली.

मला तो मनगटाचा पट्टा दिसला. रिकामं टेबल दिसलं. टेबलावर वाटी ठेवली असती तर मला कळलं असतं की तिने ऑलिव्हं एकटीने केली. आणि मला कळलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. एवढंच कारण होतं. मी तीन वर्षं त्याला रुसवा म्हणत होते.

गप्प राहणं सोपं होतं. अँजेलाला त्यातून समाधान मिळत होतं, मावशीलाही तेच हवं होतं. पण ती माझ्याकडे इतक्या मोकळ्या चेहऱ्याने बघत होती.

"अँजेला, मी आले नव्हते."

"कधी?"

"त्या वर्षी. एकाही शनिवारी नाही. येते म्हणाले, आणि आले नाही."

वर रस्त्यावरून कुणीतरी कुत्र्याला घेऊन गेलं. आधी पट्ट्याची किणकिण, मग बूट.

"एका पेटीत किती असतात?" तिने विचारलं.

"दहा किलो असतील."

"आणि एकेक फोडायचं."

"हो."

"आणि पाण्याच्या बादल्या."

"दिवसातून दोनदा."

तिने ग्लासाचं झाकण काढलं, परत लावलं. मला वाटलं ती आता उठून जाईल, आणि गेली असती तर मला ते रास्त वाटलं असतं. पण ती म्हणाली, "मीसुद्धा आले नव्हते. चाळीस वर्षांत एका ऑक्टोबरला आले नाही. मला वाटायचं, बरं झालं, ती मुलगी आहे." मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तिने मलाही फसवलं आणि तुलाही. दोघींनाही झोप लागावी म्हणून."

आम्ही तशाच बसून राहिलो. ती रडत होती, मीही. पण त्या रडण्यात अधूनमधून हसूही येत होतं, कारण अँजेला आईची नक्कल करत होती, "मी नुसती खुर्चीत बसून होते," अगदी मावशीच्या अडखळत्या इंग्रजीत.

"त्या वर्षीच्या चार बरण्या तिने मला ख्रिसमसला पाठवल्या होत्या," डोळे पुसत अँजेला म्हणाली. "तीन आम्ही संपवल्या. एक माझ्या फ्रीजमध्ये अजून आहे. ती गेल्यावर उघडवली नाही. आता तर मुळीच उघडवणार नाही."

"उघड," मी म्हणाले. "अख्खी आहेत की फोडलेली?"

"अख्खी."

"मग मिठाच्या पाण्याखाली बुडलेली असतील तर चांगली असतील. उघड. दुखऱ्या मनगटाने तिने ती फ्रीजमध्ये ठेवायला नाही केली."

"एकटीने नाही उघडणार."

"मी येते."

"फ्लोरिडाला?"

"हो."

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. तिला तो हक्क होता.

तळघरातून मी काही आणलं नाही. घरी आले तेव्हा ईशा सोफ्यावर पालथी पडून पुस्तक वाचत होती. आता आठ वर्षांची आहे. तिला सांगितलं, आपण दोघी अँजेला मावशीकडे जायचंय. "हू इज शी?" तिने विचारलं. मी तिच्या शेजारी बसून पहिल्यापासून सांगायला लागले. बादलीचं सांगितलं, उडणाऱ्या पाण्याचं सांगितलं. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. "डिड आय रिअली डू दॅट?" एवढंच म्हणाली, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

जेवणं झाल्यावर फ्लोरिडाचं तिकीट काढायला लॅपटॉप घेऊन बसले. समीर मागून डोकावला. "रिफंडेबल घे," म्हणाला. "तुझ्या लॅबचं काही सांगता येत नाही, ऐन वेळी कॅन्सल करावं लागलं तर?"

मी दुसरं घेतलं. कॅन्सल न होणारं.